ऑस्लोच्या छपरावर सकाळी आठ वाजता

बाबा, मी ऑस्लोला कधीही गेलेलो नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण इथे दोह्यात हे कुणालाच सांगितलेलं नाही. एका ट्रॅव्हल ऑफिसात मी लोकांच्या सहलींचे दिवसवार कार्यक्रम बनवतो. दहावीनंतर शाळा सुटली हे कळू नये म्हणून प्रत्येक परक्या नावाचं अक्षर तीनतीनदा तपासतो. गेल्या महिन्यात इथल्या अल गराफा भागात राहणारे नाशिकचे एक इंजिनियर आईला घेऊन आले. मुलांच्या डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांना ऑस्लोला जायचं होतं. मी पडद्यावर दाखवत गेलो: समुद्राकाठचा जुना किल्ला, पुतळ्यांची बाग, ध्रुवाकडे जाऊन आलेलं लाकडी जहाज. त्यांच्या आई, मी त्यांना काकू म्हणतो, अडकल्या त्या ऑपेराच्या पांढऱ्या इमारतीवर. तिचं छप्पर उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत येतं आणि लोक त्यावरून चालत वर जातात. "दुसऱ्याच्या छपरावर चढायचं? आमच्याकडे शिव्या बसतील," काकू म्हणाल्या, आणि मग मला, "तू चढलायस का रे?" इतके फोटो पाहिले होते की कुठली फरशी काळसर आहे तेही मला पाठ होतं. म्हटलं, "हो काकू. अगदी सोपं आहे."

तुम्हाला एसटी स्टँडवरची तुमची चौकशीची खिडकी आठवते ना? तुम्ही चहाला गेलात आणि मी तुमच्या खुर्चीत बसलो होतो. गाठोडं घेतलेल्या एका बाईंनी विचारलं, गाडी फाट्यावर थांबते का. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून थांबते म्हणालो. तुम्ही दारातून ऐकलंत. ओरडला नाहीत. "जा, त्यांच्याबरोबर बस. थांबते का बघून ये." गाडी थांबली नाही. पुढच्या गावाहून त्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी फाट्यापर्यंत मागे चालत आलो. संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणालात, "आता तू गेलायस. आता सांग."

कार्यक्रमात पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं: सकाळी आठ, छपरावरून समुद्रदर्शन. इथे डिसेंबरची सकाळ म्हणजे वयस्कर माणसांना कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरवायची सगळ्यात चांगली वेळ. तीच वेळ मी तिथे लावली. आज ऑफिसात दहा वाजले होते, तिकडे आठ. फोनवर ते इंजिनियर साहेब म्हणाले, "अहो, इथे मिट्ट काळोख आहे. फरशीवर बर्फ जमलाय. आई निघालीच होती, मी दंडाला धरून थांबवलं. तुम्ही सकाळीच गेला होता ना?" मागच्या महिन्यात काकू माझ्यासमोर खुर्चीतून उठल्या होत्या, ते दोन्ही हात टेबलावर टेकून. ते मी पाहिलं होतं, बाबा. तरी फोटोतला कोरडा उन्हाळाच खरा धरला.

काकूंनी फोन घेतला. "काय रे, आम्हाला अंधार दाखवायला पाठवलंस का?" खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "काकू, मी उन्हाळ्यात गेलो होतो. लक्षातच आलं नाही." त्या हसल्या. "असू दे. खालूनच बघते. शुक्रवारी आम्ही परत आलो की जेवायला ये. फोटो काढते भरपूर. तू सगळं ओळखशील, मला सांग काय काय ते."

बाकीच्या दिवसांच्या वेळा मी लगेच अकराच्या पुढे नेल्या आणि कार्यक्रम पुन्हा पाठवला. त्यात एकही चूक नाही. हे पत्र मात्र पाठवायला तुम्ही गेल्यापासून पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही मला लगेच कुठल्यातरी गाडीत बसवलं असतंत. काकूंना मी शुक्रवारी येतो म्हणून सांगितलंय, आणि आजही दुपारभर त्या छपराचे फोटोच पाहत बसलो होतो, हिवाळ्यातले.