श्रीलक्ष्मीने वाचून दाखवलेल्या क्रिकेटच्या पुस्तकांची व्यवस्था

मी, शेषगिरी बाळाचार्य हुदलीकर, वय एकोणऐंशी, पूर्वी वकील, आता कोणीच नाही, राहणार सप्तापूर, धारवाड, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळे नाहीत. काचबिंदूने ते गेल्याला बरीच वर्षे झाली. पण कायदा बुद्धी मागतो, दृष्टी मागत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर बरे वाटले असते, निदान त्या निमित्ताने चार माणसे घरी आली असती. माझे पूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात माझ्या मुलीचे नाव नव्हते, ते मी याद्वारे रद्द करतो.

लिहून घेणारा माझा मित्र विनायक गोविंद पतंगे. हुबळीला दाजीबानपेठेत त्याचे कापडाचे दुकान आहे. अक्षर बरे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. जन्मभर मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली आणि प्रत्येक अशिलाला एकच सल्ला दिला, की मालमत्ता लिहा, कारणे लिहू नका. दावे कारणांवरून होतात. तो सल्ला मी स्वतः पाळणार नाही.

कलम १. किरकोळ वस्तू. माझा काळा कोट कोणालाही होणार नाही, तो बोहारणीला द्यावा. ट्रान्झिस्टर विनायकला. पुतण्या साकेत याने एका फिरकी गोलंदाजाचे आत्मचरित्र वाचायला म्हणून नेले, त्याला आता मुले झाली तरी ते परत आले नाही. ते पुस्तक मी त्याला या कलमान्वये देत आहे, म्हणजे कुटुंबात चोर निघाला असे व्हायला नको. बाकी साकेतला काही नाही.

कलम २. बँकेतली ठेव हिराबाईंना द्यावी. माझी पत्नी श्रीलक्ष्मी गेल्यापासून त्या माझा स्वयंपाक करतात. भाकरी जाड असते, पण वेळेवर असते.

कलम ३. नवनगरच्या वाचनालयाला माझी क्रिकेटची सर्व पुस्तके द्यावीत. ती कपाटात उभी ठेवावीत, आडवी नव्हे, आणि ‘इतर’ या खणात कोंबू नयेत.

इथे थोडे सांगणे भाग आहे. मी आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही. मैदानावर गेलो तर ऊन लागते आणि शेजारचा बोलतो. पण खेळाडूंची चरित्रे मी वकिलाच्या हावरेपणाने वाचली. एकच सामना दोन खेळाडूंच्या पुस्तकांत शोधायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचा, म्हणजे एकीकडे वादीची फिर्याद आणि दुसरीकडे प्रतिवादीची कैफियत. एवढ्या वाचनातून हाती लागलेला निष्कर्ष असा, की धावबाद झालेला एकही फलंदाज स्वतःच्या चुकीने झालेला नाही.

डोळे गेल्यावर श्रीलक्ष्मी मला वाचून दाखवू लागली. तिला क्रिकेटमध्ये काडीचा रस नव्हता. पुस्तके बहुतेक इंग्रजी. ती मनात इंग्रजी वाचायची आणि तोंडाने मराठी बोलायची, कारण तिचा इंग्रजी उच्चार मी एकदा दुरुस्त केला होता. दुपारची जेवणे झाली, की ती आरामखुर्चीत बसे आणि मी झोपाळ्यावर. यॉर्कशायरच्या एका सलामीवीराला लहानपणी ताप आला तेव्हा आईने त्याला मेतकूट-भात भरवला, असे तिने वाचले. मला शंका यायला हवी होती. मला वाटले, भाषांतर करते आहे.

कलम ४. आरामखुर्ची विनायकला. तो ती घेणार नाही म्हणतो आहे. लिही रे.

या खुर्चीचे कारण असे. एका वेगवान गोलंदाजाच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मला फार आवडे. बाप शाळामास्तर. पोरगा शिक्षण सोडून खेळाच्या नादी लागला म्हणून बापाने त्याचे नाव टाकलेले. पुढे पोरगा मोठा झाला, मग उतरणीला लागला, आणि कुठल्याशा खेड्यातल्या सामन्यात गोलंदाजी करत असताना म्हातारा बसमधून उतरतो आणि बाकावर येऊन बसतो. चहाच्या सुट्टीत पोरगा समोर येतो. जुन्या गोष्टी कोणी काढत नाही. बाप एवढेच विचारतो, “काही खाल्लंस का?”

हा प्रसंग मी विनायकला रंगवून सांगितला. त्याच्याकडे तेच पुस्तक होते. तो म्हणाला, “शेषू, असलं काही नाही त्यात. त्याचा बाप तो जन्मायच्या आधीच गेलेला.” मी म्हटले, तुझे इंग्रजी कापडाच्या गठ्ठ्यावरच्या शिक्क्यापुरते आहे. तो “साकु!” म्हणाला, म्हणजे कानडीत ‘पुरे’, आणि चहा न घेता उठून गेला. श्रीलक्ष्मी तो चहाच घेऊन दारात उभी होती. पुढे विनायकने आमच्या घरी पाय ठेवला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात श्रीलक्ष्मी गेली. विनायक आला, तेराव्यानंतरही येत राहिला आणि वाचून दाखवू लागला. त्याने पहिले पुस्तक तेच उचलले. माणूस व्यापारी आहे, हिशेब सोडत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याने वाचले. बाप नाही, बस नाही, बाक नाही. आम्ही मग दुसरी पुस्तके काढली. यष्टिरक्षक महिनोन्‌महिन्यांच्या दौऱ्यावरून परत येतो आणि बायको म्हणते, “तू गेल्यावर मी दाढ काढून आले, तुला सांगायचं राहिलं,” असे श्रीलक्ष्मीने वाचले होते, तेही कुठे नाही. मेतकूट तर नाहीच.

विनायक या वादात बरोबर होता, हे मी लेखी देतो. त्याचा आवाज मात्र गरजेपेक्षा मोठा होता.

कलम ५. सप्तापूरचे राहते घर, मागची मोकळी जागा आणि त्यातले रामफळाचे झाड, हे सर्व माझी एकुलती मुलगी रूपा महेश गावडे, राहणार अळणावरजवळ, हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे.

रूपा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा तोंडावर असताना तिने महेशशी लग्न केले आणि शेतावर राहायला गेली. महेशबद्दल माझी तक्रार नाही, मी त्याला ओळखतही नाही. परीक्षेबद्दल आहे. तिने आधी परीक्षा द्यायला हवी होती, हे माझे मत आजही कायम आहे आणि घर दिले म्हणून ते मी मागे घेतले असा अर्थ कोणी काढू नये. लग्नाला मी गेलो नाही. घरात सांगितले, की हा विषय बंद. श्रीलक्ष्मी महिन्यातून एकदा अळणावरला जात असे. मी बसची वेळ विचारत असे, बाकी काही नाही. आईच्या दिवसांना रूपा आली, तेरा दिवस सगळे निमूटपणे केले आणि गेली. आम्ही एकमेकांशी कामापुरते बोललो.

श्रीलक्ष्मीने बंद विषय कधी काढला नाही. ती पुस्तक काढायची. तो बापाचा प्रसंग मी तिला पुन्हा पुन्हा वाचायला लावी आणि दर वेळी त्यात थोडा फरक पडे. मला वाटे, माझीच आठवण दगा देते. वाचून झाले, की ती विचारी, “तुम्हाला काय वाटतं, त्याने जायला उशीर केला का?” मी म्हणे, “फार उशीर केला गाढवाने.” ती “हं” म्हणे आणि पान उलटी.

उलट तपासणीत मी भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला आहे. या बाईने इतकी वर्षे माझी उलट तपासणी घेतली आणि मला कळले नाही.

मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे रूपाच्या हाती तेव्हा पडले असते तर तिला घर मिळाले असते आणि मी गाढवच राहिलो असतो. म्हणून सही धारवाडात केलेली नाही. कागद घेऊन मी आणि विनायक आज सकाळच्या बसने अळणावरला आलो. पुढचा मजकूर रूपाच्या सोप्यात लिहिला आहे.

पुरवणी. भाताची मळणी चालू होती. महेश आणि त्याचे वडील बाबाजी खळ्यावरून तसेच आले. रूपाने पाणी दिले आणि कागद मागितला. वाचणारी मोठ्याने वाचत नसली, की आंधळ्याला वेळ कळत नाही. “कुठवर आली?” असे मी विनायकला विचारत होतो. तो म्हणत होता, “गप बस.”

मग ती म्हणाली, “अप्पा, परीक्षेचं वाक्य तसंच राहू दे. ते काढलंत तर हे तुम्ही लिहिलंय असं वाटायचं नाही.”

मी म्हटले, “काढणार नाहीच.”

“आई इथं येऊन सांगायची मला. म्हणायची, आज तुझ्या अप्पांनी त्या बापाला गाढव म्हटलं. आता येतीलच.” कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. “दर वेळी म्हणायची. मी पण खुळी, त्या आठवड्यात बस वाजली की दारात जायची.”

हे ऐकून मला जे झाले त्याला कायद्यात शब्द नाही. साध्या मराठीत, मला रडू आले. बाबाजी म्हणाले, “वकीलसायेब, आधी दोन घास खावा, कागद काय पळून जातोय?” जेवण झाले. तांदूळ नवा होता.

जेवणानंतर रूपाने कलम ३ वर हरकत घेतली. “वाचनालयाला ती पुस्तकं देऊन काय उपयोग? पाहिजे ते त्यांत नाहीच. मला द्या. आई कुठल्या पानावर काय वाचायची ते तुम्ही सांगा, मी तिथं कडेला लिहून ठेवते.” हरकत योग्य आहे. कलम ३ मधली देणगी रद्द केली असून सर्व पुस्तके रूपाला देत आहे. विनायक ती येत्या आठवड्यात गाडीने इथे पोचवील. पुस्तकांबरोबर मलाही आणावे, असे महेशचे म्हणणे पडले. मी विचार करतो म्हणालो, पण कपडे आणायला विनायकला सांगितले आहे.

सगळी पुस्तके सांगून व्हायच्या आत मी मेलो, तर उरलेली रूपाने आपल्या मनाने वाचावीत. छापलेल्याला बांधून घेऊ नये. तो अधिकार श्रीलक्ष्मीने मला न विचारता घेतला होता. रूपाला तो मी देत आहे.

वरील सर्व मजकूर विनायकने मला वाचून दाखवला. त्याने पदरचे काही घातलेले नाही असे तो शपथेवर सांगतो, आणि ते खरे असावे, कारण त्याला तेवढे सुचत नाही.

सही, जागा रूपाने बोट धरून दाखवल्याप्रमाणे :
शेषगिरी बाळाचार्य हुदलीकर

आमच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली :
१. विनायक गोविंद पतंगे, दाजीबानपेठ, हुबळी
२. बाबाजी रामा गावडे, शेतकरी

ठिकाण : रूपाचे घर, अळणावरजवळ
दिनांक : ८ डिसेंबर २०२४