पोतनिसांच्या भिंतीवर आई

कोल्हापूर,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. धनपाल यास,

अक्काचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. तू आणि रूपाली खुशाल असाल. माझा गुडघा थंडीनं धरलाय, बाकी ठीक. आजऱ्याचे काजू आणून ठेवलेत, कुणी वारणानगरला येणारं भेटलं की पाठवते. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस आणि मला पुढचं बोलता येत नाही. हे तर मुळीच आलं नसतं.

काल प्राचीनं मला एका चित्रप्रदर्शनाला नेलं. नात आता मला सगळीकडं हाताला धरून फिरवते. प्रदर्शन होतं रावजी पोतनिसांचं. तुला नाव आठवत असेल. दीडशे वर्षांपूर्वीचे चित्रकार, आपल्याकडचे डोंगर, नद्या, तळी रंगवायचे. आप्पा शाळेत मुलांना ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी आले की पोतनिसांच्या चित्रांच्या नकला करत बसायचे. म्हटलं, आप्पांच्या देवाचं एकदा दर्शन घेऊन येऊ.

दोन चित्रं बघितली. तिसऱ्यापुढं गेले आणि तिथंच थांबले.

धनपाल, भिंतीवर आई होती.

नदीचा काठ, पाठीमागं पन्हाळा, पाण्यावर कोवळं ऊन, आणि उजव्या कोपऱ्यात घागर घेऊन निघालेली बाई. बोटभर उंचीची. डावा हात कोपरात वाकडा. आईचा हात लहानपणी मोडला होता तो तसाच बसला, हे तुला मी सांगितलंय. खाली पाटी होती, 'रावजी पोतनीस, १८८४'.

मी ओरडलेच, "आगं, ही माझी आई हाय की!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. प्राचीनं माझा दंड धरला. "आज्जी, हळू. तवा तुझ्या आईची आईबी जन्मली नव्हती."

प्रदर्शनाचं काम बघणारी सौंदर्या नावाची मुलगी धावत आली. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, होतं असं. जुन्या चित्रात आपलं माणूस दिसतं."

"दिसत न्हाय, हाय," मी म्हटलं. "चौकट काढा. खालच्या बाजूला कापड दुमडलंय, तिथं पेन्सिलीनं लिवलंय."

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी आप्पांनी पोतनिसांच्या नदीची नक्कल केली आणि आईला त्या काठावर नेऊन ठेवलं. कापड लाकडावर ठोकताना खिळे माझ्या मुठीत होते. नऊ वर्षांची होते मी. तू दोन वर्षांचा, अंगणात रांगोळी खात होतास.

सौंदर्यानं दोन-तीन फोन केले, मग चित्र ऑफिसात नेऊन चौकट उतरवली. दुमडीत आप्पांचं अक्षर निघालं, आईच्या नावानं. 'बाळाबाईसाठी. नेमगोंडा मगदूम, हातकणंगले, १९६५.' ते वाचून त्या पोरीनं भिंग आणून सही तपासली. कोपऱ्यातली आप्पांची सही कुणीतरी पुसून पोतनिसांची केली होती. कुणी, ते कळायला मार्ग नाही.

आता तू म्हणशील, ते चित्र तर वाळवीनं खाल्लं होतं.

इथवर लिहून मी दोनदा चहा केला. दोन्ही वेळा तसाच निवला.

वाळवी लागली नव्हती, धनपाल. आप्पा चार महिने अंथरुणावर होते. कारखान्याचा हंगाम चालू म्हणून तू दोनदा आलास. त्यांचं सगळं मी केलं. आणि ते गेल्यावर, त्यांचे दिवस उरकले तेव्हा तू दारात उभा राहून म्हणालास, "अक्का, मला घर नको, भांडी नकोत. तेवढं आईचं चित्र दे, पुढच्या खेपेला नेतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आप्पा माझ्या वाट्याला आणि आई तुझ्या, असं वाटलं. चार दिवसांनी जुन्या चौकटी आणि आरसे गोळा करणारा एक जण दारावर आला. मी आपल्या हातानं चित्र उतरवून त्याला देऊन टाकलं. काही न घेता.

तू आलास तेव्हा सांगितलं, वाळवी लागली, जाळलं. तू भांडशील म्हणून तयारीत होते. तू एवढंच विचारलंस, "राख कुठं टाकलीस?" मी परड्याकडं बोट दाखवलं. तू तिथं जाऊन उभा राहिलास. किती वेळ, ते मी खिडकीतून बघत होते. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. तुझ्याकडं आईचा एक फोटोसुद्धा नाही, हे मला ठाऊक असताना.

काल सौंदर्यानं विचारलं, "मावशी, चोरीला गेलतं का? तसं असलं तर आत्ताच्या मालकाकडं परत मागता येईल." जिभेवर "व्हय" आलं होतं.

"न्हाय," मी म्हटलं. "मीच दिलं."

प्राचीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. घरी येताना तिनं माझा हात धरला नाही.

म्हणजे चित्र आपल्याला मिळणार नाही. ज्यांचं आहे ते मुंबईचे, सोमवारी घेऊन जातील. पण सौंदर्यानं त्यांना गळ घालून ते परत भिंतीवर लावलंय. जुनी पाटी काढून स्वतःच्या हातानं लिहिलेली नवी लावली, तिच्यावर आप्पांचं नाव आहे.

रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ते तिथं आहे. तू ये. रूपालीला आण. सौंदर्याला तुझं नाव सांगून ठेवलंय, ती दोरीच्या आत जवळ जाऊ देईल. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं आहे, चष्मा विसरू नकोस. हनुवटी बघ, मग घरी जाऊन आरशात बघ.

मी तिकडं फिरकणार नाही. इतक्या वर्षांनी तिला बघताना तुझ्या शेजारी मी नसावी, एवढं मला कळतं.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

अक्का