चव बघ गं जरा

४ डिसेंबर

वन्संचा फोन. "यंदा सुट्टीतलं जमणं आमच्याकडे करू या. तुला आता झेपत नाही."

मला झेपत नाही! स्वतः माझ्यापेक्षा मोठ्या, एक जिना चढल्या की भिंत धरून उभ्या राहतात. स्पष्ट सांगितलं — जमणं इथेच, पातेलं माझंच. लग्न होऊन आले त्या वर्षापासून डिसेंबरच्या थंडीत सगळं गणगोत माझ्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभं राहून माझं वाफाळं पितं. नाव पोरांनी ठेवलेलं. सफरचंदाचा रस, संत्र्याची साल, आलं, लवंग, दालचिनी. एवढंच. पण दुसऱ्या कुणाच्या हातून तसं उतरत नाही, वन्संच्या तर नाहीच.

"बघू," म्हणाल्या. "यंदा तुझ्याकडे. नीट झालं नाही तर पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे." म्हणजे परीक्षाच! देईन की.

५ डिसेंबर

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. मला वास येत नाही.

ऑक्टोबरातल्या तापात गेला तो गेलाच. चवही त्याच्या मागोमाग पळाली. गोड, खारट, तिखट तेवढं कळतं, बाकी सगळा पुठ्ठा. तेव्हा सून आणि मी एकदमच पडलो होतो, एकाच खोलीत. हे दाराबाहेर ताटं ठेवून पळायचे. ताप उतरला, दोघी उठलो, कामाला लागलो. नाकाचं कुणाला बोलले नाही. वन्संच्या कानावर गेलं तर परीक्षेच्या आधीच निकाल लागायचा!

घाबरण्यासारखं काही नाही. हाताला सवय आहे, डोळे धड आहेत, आणि चाखायला सून आहे. पोरगी गुणाची. लग्नाला वर्षच झालंय, पण चमचा पुढे केला की नाही म्हणत नाही.

९ डिसेंबर

छोट्या पातेल्यात वाफाळ्याची तालीम केली. सुनेला म्हटलं, "चव बघ गं जरा."

तिनं घोट घेतला, डोळे मिटले. "छान! फक्त थोडं काहीतरी..."

"काय कमी आहे?"

"तुम्हीच सांगा ना आई. तुम्हाला जास्त कळतं."

किती अदबीची! मी आपलं ठोकून दिलं, "लवंग?"

"हो! लवंगच."

मूठभर लवंग टाकली. पुन्हा चाखून म्हणाली, "आता कसं बरोबर झालं!"

यांनाही कप दिला. कप घेऊन गॅलरीत गेले ते बराच वेळ तिथेच. जन्मात कधी झाडांना पाणी घातलं नाही या माणसानं, आणि आज कुंडी ओली होती. म्हातारपणी सुधारतायत.

१३ डिसेंबर

लहान पोरांसाठी गरम चॉकलेटही ठेवायचंय, त्याची तालीम. दूध आटत होतं, आम्ही दोघी शेजारीच बसून संत्री सोलत होतो. छान गप्पा चाललेल्या. तेवढ्यात दारावर धाडधाड! खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. "अहो, काय करपतंय एवढं? जिन्यात उभं राहवत नाही!"

दूध तळाला काळंठिक्कर.

"मी आत्ता तेच म्हणणार होते!" — मी आणि सून, एका सुरात.

रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रकाश पडला. तिला वास आला असणारच की! तरी बोलली नाही. म्हणजे माझं नाक गेलंय हे तिनं ओळखलंय, आणि सासूची लाज राखायला ती मुकाट बसली. डोळे भरून आले. इतकी माया मला माझ्या सख्ख्या बहिणींनी लावली नाही.

आपल्याला कळलंय असं दाखवायचं नाही. तिला अवघडल्यासारखं होईल.

२१ डिसेंबर

मोठं पातेलं माळ्यावरून उतरवलं. घासून लख्ख. कप मोजून पुसले. सगळं माझ्या मुठीत आहे. वन्संना फोन करून मुद्दाम विचारलं, "येताय ना? उपाशीपोटी या!"

२७ डिसेंबर

मुलगा सुट्टीवर घरी आला. आल्या आल्या जेवला, आणि म्हणाला, "तब्येती बऱ्या आहेत ना सगळ्यांच्या?" काय हा प्रश्न! चांगल्या ठणठणीत आहोत.

२८ डिसेंबर

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या नसतात. कधीच नव्हत्या. सारखे डबे, सारखी झाकणं. "ज्याला नाक आहे त्याला चिठ्ठी कशाला?" हे माझंच वाक्य, सगळ्या पाहुण्यांना पाठ आहे. आज पातेल्याला उकळी आली, माणसं येऊन बसली, तेव्हा मी सुनेला म्हटलं, "दालचिनीच्या पुडीचा डबा दे गं." तिनं एक डबा उघडला, हुंगला, ठेवला. दुसरा उघडला, हुंगला, माझ्या हातात दिला. मी निर्धास्त. तिनं हुंगून दिलाय म्हटल्यावर बघायचं काय? चांगले चार चमचे घातले, ढवळलं.

जिरेपूड होती.

पहिला घोट सगळ्यांनी एकदमच घेतला. एरवी त्या घोटानंतर कोण कलकलाट होतो! आज पोरांनी कप खाली ठेवले. वन्संनी कपात वाकून बघितलं आणि विचारलं, "अगं, हे प्यायचं की भातावर घ्यायचं?"

सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

सून चटकन पुढे आली. "डबा मी दिला. माझी चूक. आईंना बोलू नका." चेहरा पांढराफटक. हे मात्र आपला कप शांतपणे पीत होते, तळापर्यंत. एकटेच!

निघताना वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षी आमच्याकडे. तू नुसती ये, बस, आराम कर." टोमणा मारला असता तर परवडलं असतं. प्रेमानं बोलल्या, म्हणून फार लागलं.

२९ डिसेंबर

सकाळी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "तू माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलंस. माझं नाक गेलंय हे तुला कळलं होतं, आणि तू एका शब्दानं—"

तिच्या हातातला चमचा खाली पडला.

"आई... तुमचं पण?"

३० डिसेंबर

कालपासून आम्ही दोघी नुसत्या हसतोय. "नव्या सुनेला चवच नाही असं कुठल्या तोंडानं सांगू?" म्हणे. मी तिच्या जिभेच्या भरवशावर, ती माझ्या!

वन्संना फोन लावला, खरं काय ते सांगून टाकलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "बरं बाई, कर तुझ्याकडेच. पण चव तिसऱ्या कुणाला तरी बघू दे." डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्या, आणि यांना कारण न सांगताच बोलावून हुकूम सोडला — आजपासून या घरात चव तुम्ही बघायची.

हे जागच्या जागी बसले. मग हळूच म्हणाले, "मला नको सांगूस ते. तुम्ही दोघी चाखता, माना डोलावता, आणि मला घास उतरत नाही. माझी जीभ गेलीये गं. तुम्ही दोघी तापातून उठून स्वयंपाकाला लागलात, तेव्हापासून. तुम्हाला काळजी नको म्हणून बोललो नाही."