कृतार्थ चेहऱ्याची बातमी

लिहून ठेवणार गौरीशंकर वीरभद्र हिरेमठ, वय वर्षे सत्तावन्न, धंदा तालुका वार्ताहर, राहणार भूम, जिल्हा धाराशिव. साखर थोडी वाढलेली, रक्तदाब बेताचा, शुद्ध मात्र पुरती जागेवर. कोणी धाक घातलेला नाही, कोणी चहाही पाजलेला नाही. अशा स्थितीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते माझे समजू नये.

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवणे प्राप्त आहे. बसस्थानकासमोर ‘आम्ही रणधीरच्या पाठीशी’ असा वीस फुटी फ्लेक्स लागला आहे (रणधीर कोण, ते कलम ४ मध्ये). त्यावर खालच्या ओळीत डावीकडून सातवा चेहरा माझा. मला विचारले नाही याबद्दल म्हणणे नाही. शुभेच्छुकाला विचारण्याची या तालुक्यात पद्धत नाही. म्हणणे असे, की तो फोटो मला गालगुंड झाले होते तेव्हाचा आहे. माझ्या पश्चात श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तो वापरू नये. कपाटात चष्म्याचा एक आहे, तो बरा आहे.

कलम १. राहते घर पत्नी उमादेवी हिच्या हयातीत तिचे. तिच्या मागे कन्या राजनंदिनी हिचे. राजनंदिनी लातूरला फार्मसी शिकते. तिचे लग्न झाले तरी माडीवरची खोली तिचीच राहील. ती कधीही, न कळवता, एकटी आली तरी कोणी ‘का आलीस’ असे विचारू नये.

कलम २. सत्कारांत मिळालेल्या तेवीस शाली, सर्व पॉलिस्टर, युवराज यास. हा रणधीर मित्रमंडळाचा अध्यक्ष. यांतल्या बहुतेक त्यानेच भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर घातल्या आहेत. त्याने त्या एप्रिलमध्ये, दुपारी, एका वेळी दोन-दोन पांघराव्यात.

कलम ३. संस्कृत कोश आणि पाठशाळेतल्या वह्या मित्र शिवलिंग यास. त्याचे औषधाचे दुकान आहे, गिऱ्हाईक नसते, वाचायला वेळ आहे.

कलम ४. कात्रणांची फाईल. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

रणधीर खटके हा आमच्या गावचा. गोव्याच्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो, पगार घेऊन खेळतो. त्याच्यावर मी एकतीस बातम्या लिहिल्या. फुटबॉल मला कळत नाही. गावालाही कळत नाही. पण अभिमानाला नियम माहीत असावे लागत नाहीत. गेल्या महिन्यात त्याची पत्नी दीपमाला हिने पोलिसांत फिर्याद दिली, की नवरा तीन वर्षे मारहाण करतो, आणि एकदा हात मोडला आहे. क्लबने त्याला घरी बसवले. गावाने मात्र उठून मोर्चा काढला.

हॉटेलात बसून चर्चा ऐकली. एकजण म्हणाला, “दोन चापट्या मारल्या आसतील. त्याच्यासाटी पोराचं करिअर संपवायचं व्हय?” दुसरा म्हणाला, “ही केसच ऑफसाइड हाय.” ऑफसाइड म्हणजे काय, हे विचारल्यावर त्याने ओरडून चहा मागवला. अंतरिम जामीन मिळाला त्या दिवशी खव्याचे पेढे वाटले आणि तेरखेड्याहून मागवलेले फटाके वाजले. गोल केल्यावरही हेच वाटतात, हेच वाजवतात; त्यामुळे लहान मुलांनी स्कोअर विचारला. सगळेच त्याच्या बाजूचे आहेत असे नाही. त्याचे नाव दिलेल्या क्रीडांगणाची पाटी सध्या पोत्याने झाकली आहे. काढली नाही, ठेवली नाही. निकाल लागेल तसे पोते हलवता येईल.

आता माझा भाग. जानेवारीत रणधीरचा सपत्नीक नागरी सत्कार झाला. माझ्या बातमीत एक वाक्य होते: ‘पतीचा गौरव पाहताना सौ. दीपमाला यांच्या चेहऱ्यावर कृतार्थता ओसंडत होती.’ हे कात्रण युवराजने मोठे करून त्याच फ्लेक्सवर छापले. ते रणधीरच्या वकिलांनी जामीन अर्जालाही जोडले आहे. छळ होत होता तर चेहऱ्यावर कृतार्थता कशी, असा त्यांचा सवाल.

“अप्पा, लई मोठं काम केलं बगा तुमी,” युवराज मला म्हणाला. “लेखी पुरावा! आन् तोबी तुमच्यासारक्या शिकलेल्या माणसाचा.”

सत्य असे. सत्कार संध्याकाळी सात वाजता होता. आमचे पान साडेचारला बंद होते. म्हणून सत्काराच्या बातम्या मी दुपारीच पाठवतो. तीस वर्षे पाठवत आलो. टाळ्यांचा कडकडाट, डोळ्यांच्या कडा, सर्व आधी लिहून होते. ते वाक्य मी तीन वाजता लिहिले. तेव्हा दीपमाला मंचावर नव्हती.

ती माझ्यासमोर बसली होती.

तिने चार पानी पत्र आणले होते. “अप्पा, सासरी तुमचं लिहिलेलंच वाचतात. हे छापा,” म्हणाली. डावा हात पदराखाली होता. मी म्हणालो, “बाळ, आज सत्कार होऊ दे, मग बघू.” ती गेली. मी पत्र खणात ठेवले आणि अर्धे राहिलेले ते वाक्य पुरे केले. ‘कृतार्थता’ हा शब्द सुचल्याचे समाधानही वाटले, हे लपवत नाही. संध्याकाळी मी पहिल्या रांगेत होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

सबब, माझ्या मृत्यूनंतर ही फाईल, ते पत्र आणि वरील कबुली दीपमाला हिला द्यावी.

(कलम ४ मधील शेवटचे वाक्य खोडले आहे. खोडल्याबद्दल बाजूला सही केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

कच्चा मसुदा उमादेवीने वाचला. चष्मा काढला आणि विचारले, “आहो, हे तुम्ही गेल्यावर द्यायचं?”

“मृत्युपत्र आहे. तसेच असते.”

“त्याच्या जामिनाची पक्की सुनावणी बुधवारी हाय. बुधवारपर्यंत मरताव व्हय तुम्ही?”

डॉक्टरांचे तसे मत नाही. म्हणून पत्र आणि प्रतिज्ञापत्र मी उद्या सोमवारी स्वतः तपास अधिकाऱ्याकडे देणार आहे. युवराजला तसे सांगून झाले. तो म्हणाला, “अप्पा, गावाचं नाक कापायलाव तुमी.” नंतर म्हणाला, की दुपारी बातमी लिहिली हे कबूल केलं तर पेपरवाले तुम्हाला ठेवतील का. ठेवणार नाहीत. कलम ४ मध्ये आता फक्त कात्रणे उरली. ती रद्दीत घालावीत.

कलम ५. हे मालमत्तेत मोडत नाही, पण दुसरीकडे कुठे लिहू?

ही सगळी हकिगत मी राजनंदिनीला फोनवर सांगितली. प्रतिज्ञापत्र करणार आहे, हेही सांगितले. शाबासकी मिळेल असे वाटले होते. तिने विचारले, “अप्पा, ती तुमच्याकडंच का आली असेल?”

मी म्हणालो, “माझ्या शब्दाला वजन आहे म्हणून.”

“नाही अप्पा. तुम्हाला मुलगी आहे म्हणून.”

तेव्हापासून ती फक्त आईला फोन करते. आई विचारते, ती बरी आहे म्हणते, आई मला तसे सांगते. मला काळजी एकच आहे. उद्या कोणी तिच्यावर हात उचलला, तर ती मला सांगणार नाही.

ठिकाण: भूम
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: गौरीशंकर वीरभद्र हिरेमठ

आमच्यासमक्ष सही केली:
१. नागम्मा, शेजारीण, भूम (अंगठा, मजकूर वाचून दाखवला)
२. धोंडीबा, निवृत्त ग्रंथपाल, भूम (सही)