हळदीकुंकवातलं पिवळं निशाण

१५ फेब्रुवारी २००४, रविवार. एडिसन.
मॅनेजरशी बोलायला विषय हवा म्हणून स्टॉक कार रेसिंग बघायला लागलो. आता त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. ट्रॅकवर धोका दिसला की पिवळं निशाण. ओव्हरटेक बंद, जो जिथे आहे तिथेच. पण अधिकारी मनाला येईल तेव्हा दाखवतात! आज ट्रॅकवर उडून आलेल्या चॉकलेटच्या एका रॅपरसाठी दाखवलं. शेवटच्या लॅपला तीन गाड्या आपटल्या, तेव्हा नाही. म्हणे शेवट आलाच आहे, होऊन जाऊ दे. हे सगळं बायकोला, सुनेत्राला, तासभर समजावलं.

घरातही नियम लागू केला. भांडण वाढलं की पिवळं, विषय बंद. शेजारच्या सीमाच्या हळदीकुंकवात तिला मिळालेला पिवळा ब्लाऊजपीस लाटण्याला बांधलाय. सुनेत्रा चक्क हो म्हणाली. आपल्याकडे मात्र पक्षपात होणार नाही.

७ मार्च
सुनेत्राला विमानानं सहा तास लांबच्या बॉथेलमधल्या बायोटेक कंपनीची ऑफर. तिची बहीण सुचित्रा तिथेच असते. दोघं मूव्ह होऊया का, म्हणाली. पिवळं दाखवलं. नियम झकास चालतोय.

१४ मार्च
चहाला बॉथेल. पिवळं. जेवताना बॉथेल. पिवळं. हात दुखतोय.

२८ मार्च
आमटीत मीठ नव्हतं म्हणून जरा आवाज चढवला, तर तिनंच पिवळं दाखवलं! हा काही अपघात नाही, असं सांगितलं. ते ठरवणार कोण, तिनं विचारलं. अधिकारी, म्हणालो. अधिकारी कोण, हे सांगावं लागलं नाही.
आजच्या रेसमध्ये अधिकाऱ्यांनी पुन्हा मनमानी केली. तळपायाची आग मस्तकात गेली.

१८ एप्रिल
सुनेत्रानं ऑफर ॲक्सेप्ट केली. विषय बंद होता ना? तू बोलूच देत नव्हतास, मग एकटीनं ठरवलं, म्हणाली. फ्लाइट पुढच्या रविवारी.
जाणार नाही. ओळखतो मी तिला. तरीपण उद्यापासून सगळं शांतपणे ऐकणार. नक्की.

२१ एप्रिल
ऐकायला बसलो. दुसऱ्याच वाक्याला हात लाटण्याकडे गेला. नुसतं लाटणं! ब्लाऊजपीस चैत्रगौरीला मैत्रिणीच्या, रत्नाच्या ओटीत घातला म्हणे. ब्लाऊजपीस कधी कुणाच्या घरी टिकतो का, असंही वर ऐकवलं. रत्नाकडे धावलो. तिनं तो पुढे सरकवला होता. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून पिवळं कापड शोधत हिंडलो. घरी आलो तोवर तिची बॅग भरून झाली होती.

२५ एप्रिल
टॅक्सी आली. हळदीचे डाग पडलेला पंचा घेऊन ड्राइव्हवेमध्ये उभा राहिलो आणि वेड्यासारखा हलवत सुटलो. नको ना जाऊस, म्हणालो. असं सरळ पहिल्यांदाच म्हणालो. तिनं काच खाली केली. डोळे पुसले. शेवटच्या लॅपला पिवळं दाखवत नाहीत, तूच सांगितलं होतंस ना, म्हणाली. गेली.

दुपारी रेस लावली. ट्रॅकवर कागदी कप पडला. लगेच पिवळं. झाडून सगळ्या गाड्या हळू झाल्या. एका कपासाठी! मला रडू आवरेना.

अधिकाऱ्यांना पत्र लिहिणार आहे. चांगलं खरमरीत. पाकिटं कुठे असतात, सुनेत्राला विचारायला हवं.