राजमा, मंद आचेवर

बोटीवरून, डुलुथ बंदर
७ ऑक्टोबर १९८४

ती. बाबांस,
कारीनाचा सा. न. वि. वि.

बोट सकाळी धक्क्याला लागली. खनिज भरून व्हायला संध्याकाळ होईल, तेवढ्यात हे लिहून टाकते. माझी प्रकृती ठीक आहे. इंजिनाचीही ठीक आहे.

सिल्वीआत्याचं पत्र मिळालं. तुमचा पट्टा दोन भोकं आत गेला आहे, आणि विचारलं तर पट्टाच सैल झालाय म्हणता, असं तिने लिहिलं आहे. चामडं इतकं सैल होत नाही, बाबा. आई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून तुम्ही कॉफी, पाव आणि डब्यातले मासे यांवर आहात असं ती म्हणते. मला त्याची भीती वाटते. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

चुलीवर काही ठेवलं की तुम्ही विसरता, म्हणून आत्याकडून एक विजेचं भांडं पाठवते आहे. त्याला स्लो कुकर म्हणतात. आत जड मातीचं भांडं, बाहेर तापणारं कवच, वर काचेचं झाकण. बटणाला तीनच जागा आहेत: बंद, मंद, जास्त. ते करपत नाही, उतू जात नाही आणि तुम्ही दिवसभर जंगलात राहिलात तरी रुसत नाही.

सुरुवात सोप्या पदार्थाने करा. तळाशी बटाटे घाला, कारण तळ आणि कडा आधी तापतात आणि बटाटा मांसापेक्षा हट्टी असतो. त्यावर गाजर आणि कांदा. सगळ्यात वर गोमांसाचा तुकडा, खांद्याचा. तो चिवट असतो, त्याला सावकाश शिजणंच मानवतं. मीठ, मिरी, अर्धा कप पाणी. जास्त पाणी नको, भाज्या आपलं पाणी सोडतात. सकाळी मंदवर लावायचं, संध्याकाळी जेवायचं. मधे झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला अर्धा तास जातो.

जमलं तर कळवा. नाही जमलं तरी कळवा.

लोभ आहे, तो आहे तसाच राहू द्या.
तुमची,
कारीना

---

कुसीला रस्ता, उत्तर मिशिगन
१६ ऑक्टोबर

चि. कारीना हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

भांडं पोचलं. आत्या ते मांडीवर घेऊन आली, शेजाऱ्याला गाडी हाकायला लावून. टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाली, रेनो, हे तुझ्यापेक्षा हुशार आहे, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नकोस.

झाकण मी चार वेळा उघडलं. उघडू नका असं लिहिल्यावर माणूस उघडणारच, एवढं तुला कळायला हवं होतं. बटाटे त्यामुळे जरा रागावलेले राहिले. मांस मात्र काट्यानेच सुटलं, सुरी लागली नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही असं चाललं होतं. लाकडं फोडून घरात आलो. दार उघडलं तर आतून जेवणाचा वास. बूट काढता काढता मी तुझ्या आईला हाक मारली, आज बर्फ पडेल गं म्हणून. मग आठवलं. पण जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला हरणांचा हंगाम उघडतो. शिकारीच्या झोपडीवर पहिल्या दिवसाचं जेवण दर वर्षी तुझी आई पाठवायची. यंदा आमच्या शिकारीच्या टोळीतला उर्हो म्हणाला, सॉसेज तळू आणि गप्प बसू. मला ते बरं वाटलं नाही. झोपडीत आता वीज आली आहे, फोन नाही. आम्ही चौघं उजाडायच्या आत निघतो आणि काळोख पडल्यावर परततो. हे भांडं तिथे चालेल ना? उर्होची छाती उन्हाळ्यात डॉक्टरांनी उघडून शिवली आहे, त्यामुळे चरबी नको.

आत्याने तुझ्या लग्नाचं विचारायला सांगितलं आहे. विचारलं असं तिला सांगेन.

तू पाण्यावर असतेस तेव्हा मी रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकतो. नोव्हेंबरचं वादळी तळं मला आवडत नाही. जपून अस.

तुझा,
बाबा

---

बोटीवरून, कालव्याच्या दारांपाशी
२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
कारीनाचा सा. न. वि. वि.

वासाबद्दल लिहिलंत ते वाचलं. दोनदा वाढून घेतलंत तेही वाचलं.

झोपडीवर भांडं चालेल. आमचा आचारी डेल्मर राजमा घालून तिखट रस्सा करतो, तो चौघांना पुरेल आणि उर्होकाकांनाही चालेल. तोंडी ऐकून लिहीत नाही. इंजिनावरची माझी कामाची पाळी संपली की मी वर जाते, तेव्हा तो भांडं लावत असतो. काल त्याच्याशेजारी उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं आणि मोजलं. डेल्मर म्हणाला, तुला इंजिन पुरत नाही का, माझ्या रश्श्याला कशाला मोजायचे काटे लावतेस.

लाल राजमा दोन वाट्या. हरणाचं बिनचरबीचं मांस खिमा करून, तव्यावर परतून. दोन मोठे कांदे, टोमॅटोचे दोन डबे, लाल तिखट, जिऱ्याची पूड, मीठ. पाणी राजम्याच्या वर बोटभर. सगळं एकदम भांड्यात, मंदवर, पहाटेपासून रात्रीपर्यंत. ढवळायचं नाही. यावेळी झाकण उघडायचं नाही. उघडलंत तर मला कळवू नका.

वाऱ्याचा अंदाज ऐकत बसू नका. तो आम्हाला तुमच्या आधी कळतो.

लोभ वाढला नाही तरी चालेल, तुम्ही थोडे वाढा.
तुमची,
कारीना

---

कुसीला रस्ता
१० नोव्हेंबर

चि. कारीना हिस अनेक आशीर्वाद.

उद्या झोपडीवर जातो. धुराडं साफ करायचं आहे, सौनाची, वाफेच्या न्हाणीची, फळी बदलायची आहे. तुझा कागद खिशात घातला आहे.

दुकानात लाल राजमा मिळाला, कोरडा, पिशवीतला. आपल्याकडे कोणी तो खात नाही, त्यामुळे दुकानातल्या पोरीला शोधावा लागला. पण काम ओळखीचं वाटतं. तुझी आई दर गुरुवारी वाटाण्याचं सूप करायची तसंच, कोरडे दाणे सरळ भांड्यात. आणि योग बघ, पंधरा तारीख गुरुवारीच आली आहे.

उर्हो म्हणाला, बोटीवरच्या पोरीच्या हिशेबाने जेवायचं तर आधी तरंगायचं जाकीट घालून बसायला हवं. मी म्हणालो, तू हसून घे. तिने लिहिलंय ते मी तंतोतंत करणार, दाणाभरही इकडचं तिकडे नाही. तो म्हणाला, बायकोचं कधी ऐकलं नाहीस, आता लेकीचं ऐकतोस. मी म्हणालो, म्हणूनच ऐकतो.

पट्ट्याचं एक भोक परत मिळवलं आहे, आत्याला विचार.

तुझा,
बाबा

---

बोटीवरून, लेक सुपीरियर
१५ नोव्हेंबर

ती. बाबा,

नमस्कार.

तुमचं दहा तारखेचं पत्र काल कालव्यापाशी मिळालं. वाचून बरं वाटलं, खिशात ठेवलं. आज एकाने कामाची पाळी बदलून मागितली म्हणून मी सकाळी लवकर वर आले. डेल्मर राजमा उकळत होता. वेगळ्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, खळखळून. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात असा उकळायचा, तेही पाणी फेकायचं, मग तुझं ते मंद भांडं. नाहीतर विष होतं. आधीच्या बोटीवर एका नवशिक्याने कोरडा राजमा तसाच मंदवर लावला होता, तर अर्धी बोट जमिनीवर लोळत होती आणि एका म्हाताऱ्याला किनाऱ्यावर उतरवावं लागलं.

मी रोज हे होऊन गेल्यावर वर यायचे. मी पाहिलं ते सगळं बरोबर लिहिलं. मी पाहायला सुरुवात उशिरा केली होती.

मंदवरचं पाणी खळखळत नाही, हे मला ठाऊक होतं. ते उतू जात नाही असं मीच तुम्हाला कौतुकाने कळवलं. ते विष उकळल्याशिवाय मरत नाही, आणि अर्धवट तापलं तर कच्च्यापेक्षा वाईट होतं. तुम्ही पहाटे बटण मंदवर फिरवलं असेल. तुम्ही झाकण उघडणार नाही, कारण मी तसं लिहिलं आहे. उर्होकाकांची छाती उन्हाळ्यात शिवली आहे, हे मला माहीत असताना मी हे लिहिलं आहे.

कप्तानाने रेडिओवरून फोन जोडून दिला. तुमच्या घरी कोणी उचलला नाही, तुम्ही तिथे नाही हे माहीत होतं तरी तोच आधी लावला. मग आत्याला लावला. तिने सगळं नीट ऐकलं, परत म्हणून दाखवलं, आणि निघते म्हणाली. तुमच्याकडे बर्फ पडतो आहे असंही म्हणाली. रस्ते बंद होतील का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता किनारा दिसत नाही. वाऱ्याने रेडिओवर नुसती खरखर आहे. मी इंजिनाचे काटे पाहते, प्रत्येक काटा जागच्या जागी आहे. पण एकच काटा दोनदा वाचते, आणि तरी काय वाचलं ते आठवत नाही.

हे पत्र आजच्या जेवणाच्या आधी पोचणार नाही. तरी लिहिते आहे, कारण लिहिताना तुम्ही ते वाचणार आहात असं धरून चालावं लागतं.

लोभ असो नसो, तुम्ही असा.
कारीना

---

इस्पितळ
१८ नोव्हेंबर

चि. कारीना हिस अनेक आशीर्वाद.

मला हे लिहायचं नव्हतं. आत्या म्हणाली, तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि माझ्या पत्रात तिखटमीठ जास्त असतं. म्हणून लिहितो.

मी बरा आहे. हाताला नळी आहे, ती उद्या काढतील. उर्हो ठणठणीत आहे, बाकीचे दोघेही. त्यांनी खाल्लंच नाही.

झालं असं. अंधारात परत आलो, बोटं गारठलेली. झोपडीत वास असा सुटला होता की चौघंही दारातच थांबलो. वाढलं. उर्होने एक दाणा चावला आणि म्हणाला, रेनो, हे काडतुसात भरायचं होतं का. दाणे कडक होते. आत पिठूळ, बाहेर चामड्यासारखे. तिघांनी वाडगे बाजूला सारले आणि सॉसेज काढले.

मी खाल्लं. आधी एक वाडगा, मग दुसरा.

तू विचारशील, कडक लागलं तर खाल्लं कशाला. मार्चपासून मला कोणी काय खा हे सांगितलं नव्हतं. आत्या खा म्हणते, पण काय आणि कसं ते तू लिहिलंस, बोटभर पाणी इथपर्यंत. त्यांनी वाडगे सारले तेव्हा तुलाच टेबलावरून उठवल्यासारखं वाटलं मला. म्हणून चांगलं झालंय असं म्हणालो आणि खात राहिलो. उर्होशी डोळे भिडवून.

आत्याची गाडी वाटेत चरात गेली होती. बर्फ काढणाऱ्या गाडीने तिला ओढून काढेपर्यंत दिवस गेला. झोपडीची वाट ती पायी आली, कोणाचंतरी नारिंगी जाकीट घालून आणि हातातला तवा बडवत, म्हणजे कोणी हरीण समजून गोळी घालू नये. दार उघडून ती सरळ आत आली. भांडं उचललं आणि बाहेर बर्फात पालथं केलं. मग विचारलं, कोणी कोणी खाल्लं. तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

तासाभराने सुरू झालं. ते लिहीत नाही. पुढे मला उभं राहता येईना आणि डोळ्यांपुढे काळोख यायला लागला, तेव्हा उर्होने, त्या शिवलेल्या छातीने, मला उचलून त्याच्या गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, या वयात अंगातलं पाणी इतकं गेल्यावर रात्रभर झोपडीत राहिला असता तर सकाळचं सांगता आलं नसतं. आत्या आली नसती तर आम्ही पोट बिघडलं म्हणून सकाळपर्यंत थांबलोच असतो. म्हणजे तुझा फोन पोचला असं समज.

मला भीती वाटली. मरायची फार नाही. मी गेलो तर त्याचं कारण तुझ्या अक्षरात माझ्या खिशात सापडेल, याची. कागद मी गाडीतच फाडला.

तुझा,
बाबा

---

बोटीवरून, कालव्याच्या दारांपाशी
२४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
कारीनाचा सा. न. वि. वि.

सतरा तारखेला बंदरावर आत्याचा निरोप मिळाला: जिवंत आहे, चिडलेला आहे. तुमचं पत्र आज मिळालं. ते वाचून मी खाली इंजिनापाशी जाऊन बसले, तिथल्या आवाजात माणसाला काहीही करता येतं.

राजम्याची पूर्ण कृती सोबत जोडत नाही. तुम्हाला राजमा खायचा नाही, एवढंच पुरे. भांडं आत्याने ठेवलं असेल तर त्यात बटाटे, गाजर आणि खांद्याचा तुकडा लावा. झाकण हवं तितक्या वेळा उघडा. उघडून पाहा, टोचून पाहा, चाखून पाहा. तसं करू नका असं मी लिहायला नको होतं.

आणि बाबा, हे नीट वाचा. माझ्या सांगण्यावरून केलेलं काहीही कडक राहिलं, कडू लागलं, चुकलंसं वाटलं, तर थुंकून टाका. उर्होकाकांसमोर, सगळ्यांसमोर. हसू दे त्यांना. मी टेबलावरून उठणार नाही.

लोभ आहे हे कळलं. पुन्हा वाडग्याने दाखवू नका.
तुमची,
कारीना