फाटकाशी काढलेल्या चपला

प्रिय दादा,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी किती भांडले असेन! कागदावर मात्र आजच लिहिते आहे. कारण तुझा सुहास. त्यालाही साखर निघाली रे, तुझ्यासारखीच. आणि तुझ्यासारखाच तोही रोज अनवाणी केळीच्या वाडीत शिरतो. वहिनीने गमबूट आणून दिले, तर मला म्हणतो, "आत्या, बाबांनी कधी वाडीत चप्पल नेली का?"

काय सांगू त्याला?

नव्हतीच नेलीस. फाटकाशी चपला काढायच्या, वाकून मातीला हात लावायचा, मग पाऊल आत. लग्न होऊन मी विरारला गेले, तरी माहेरी गिरीजला आले की माझंही तेच. लहानपणी एकदा स्लिपर घालून केळींना पाणी सोडायला धावले, तर केवढा ओरडला होतास! "लक्ष्मीवर चपला घेऊन चढतेस?" त्या दिवशी मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

तू गेलास त्या वर्षी केळीच्या घडांना टेकू द्यायला बांबू तासत होतास, त्याची कूस, एक बारीक टोकदार काडी, तुझ्या अनवाणी टाचेत गेली. गेली हेसुद्धा तुला कळलं नाही! साखरेने पाय बधिर झाले होते, पण ते घरात बोललास का कोणाला? संध्याकाळी पाय धुताना वहिनीला रक्त दिसलं. तू केळीचा चीक चोळलास आणि वर हसलास, "एवढ्याशा कुसेला डॉक्टर कशाला?"

दुसऱ्या दिवशी तू कण्हायला लागलास. तू! झाडावरून पडून हात मोडला तेव्हा हूं की चूं केलं नव्हतंस. पोटरी फुटतेय म्हणायचास, आणि बघावं तर जेमतेम लाली, थोडीशी सूज. शेजारचे म्हणाले, जखम केवढी आणि दुखणं केवढं! अरे, तीच तर खूण होती. दिसण्यापेक्षा दुखणं जास्त होतं, म्हणजे आत काहीतरी भयंकर चाललं होतं. पण आपल्यापैकी कोणाला ते ठाऊक होतं?

पाय जांभळा पडला, फोड आले, तू तापाने बरळायला लागलास, तेव्हा वहिनीने एसटीडी बूथवरून मला फोन केला. इस्पितळात डॉक्टरांनी सडलेलं मांस कापून काढलं. परत नेऊन आणखी कापलं. तरी ते वर सरकतच गेलं.

मी डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा कुसेने माणूस जातो? ते म्हणाले, "कुसेने वाट करून दिली. जंतू मातीतले असतील, नाहीतर कातडीवरचेच. आत शिरले की कातडीखालून पसरतात. साखर इतकी वाढलेली, अंगात लढायची ताकदच नव्हती. थोडं आधी आणलं असतंत तर..."

गावात कुजबुज झाली, करणी केली कोणीतरी. करणी कसली डोंबलाची! साखरेवरच्या गोळ्या तू सणावारी पुरणपोळी खावी तशा खायचास. मला राग येतो रे तुझा, अजून येतो. आणि मग तुझं ते मातीला हात लावणं आठवतं आणि रडू आवरत नाही. ज्या मातीला पाय लावताना एवढा जपायचास, तिच्यातच जीव गमावून बसलास.

सुहासला शब्दांनी पटणार नाही, तो तुझाच मुलगा. वहिनीने रोज त्याचे तळवे बघायचं कबूल केलंय. आणि मी तुला वचन देते, उद्या सकाळी मी गिरीजला येते. फाटकाशी वाकून मातीला हात लावीन, पण चपला काढणार नाही. सुहाससमोर तशीच आत जाईन, अगदी शेवटच्या केळीपर्यंत, आणि तो गमबूट घालून मागे येईपर्यंत तिथून हलणार नाही.

लक्ष्मीला राग आला तर माझ्यावर येऊ दे. तुला आला तर ओरड, दादा. तेव्हासारखाच मोठ्याने ओरड. या वेळी मी रडणार नाही.

तुझीच,
बेबी